चांदनीच्या तळ्यावरची सरकारी पाखरं

बुऱ्हाणपूरच्या कचेरीतले आम्ही जुने लोक भेटलो, की गप्पा कुठूनही सुरू होवोत, चांदनीच्या तळ्यावर पोचतातच. इंग्रजी अमलात आमच्या जंगलसाहेबांनी तिथं बंदूक बंद केली होती. थंडीत परदेशी पाखरं उतरत आणि साहेब रविवारी सगळ्या कचेरीला ती बघायला नेत. सुट्टी बुडायची, पण किस्से जमत गेले.

*

पहिल्याच खेपेला साहेबांनी बडेबाबू वामनरावांना लाल पागोटं उतरवायला सांगितलं. पाखरं बुजतात म्हणे. बोडक्यानं बसायचं म्हणजे घरात कोणी गेल्यासारखं. वामनरावांनी शेजारच्या बागेतून केळीचं पान आणून पागोट्यावर बांधलं आणि गवतात बसले. तळ्याकाठी शेत असलेले गणपत पाटील बैल घेऊन चालले होते, ते थांबले.

"बाबूजी, कायची पूजा आहे?"

"सरकारी," वामनराव म्हणाले.

पाटलांनी लांबूनच हात जोडले.

*

पाखरं पाटलांचा हरभरा खात. पाटील तक्रार घेऊन आले, तेव्हा ही बिचारी बर्फाच्या मुलखातून येतात, असं साहेबांनी त्यांना समजावलं. पाटील विरघळले. पुढच्या रविवारी त्यांनी पाखरांसाठी काठावर जुनी घोंगडी टाकून ठेवली.

साहेबांना ती दुर्बिणीतून दिसली. न हलणारा पक्षी, नवी जात, असं म्हणत ते चिखलात तासभर पालथे पडून राहिले. आम्हीही पडलो. ती घोंगडी आहे हे सांगायला कोणी तयार नव्हतं.

वामनरावांना घरी वहिनींनी काय पाहिलंत असं विचारलं, तर ते म्हणाले, "साहेबांची पाठ."

*

एकदा साहेब दौऱ्यावर असताना शेजारच्या एका संस्थानचे राजेसाहेब बंदुका आणि बँड घेऊन तळ्यावर आले. पाखरू पडलं की बँड वाजवायचा, असा बेत होता. अडवावं तर राजा, न अडवावं तर नोकरी जाणार. वामनराव पुढं झाले आणि मुजरा करून म्हणाले, "हुजूर, ही परक्या बादशहाची प्रजा आहे. एखादं मेलं तर दोन सरकारांत लिखापढी होईल."

राजेसाहेब विचारात पडले. मग त्यांनी बंदुका खाली ठेवायला लावल्या आणि पाहुण्यांना सलामी द्यायचा बँडला हुकूम केला.

ढोलावर पहिली टिपरी पडली आणि अख्खं तळं उडालं.

राजेसाहेबांचा चेहरा उतरला. "पाहुणे नाराज झाले का?"

वामनराव आभाळाकडे बघत अदबीनं म्हणाले, "नाही हुजूर. सलामी पोचली. दरबार बरखास्त झाला."