जमिनीलगत कापलेला साग

निरुपमा सबनीस यांना त्या आठवड्यात घरात बसवत नव्हतं. जुन्या शहरातल्या वाडी भागातल्या घरातून त्या सकाळी भाजी आणायला म्हणून निघत आणि मांडवीवरून सरळ एसटी स्टँड गाठत. वाघोडियाच्या बाजूला, रस्त्यापासून आत, सबनीसांची जमीन होती. तिथे तीन वर्षांचा साग उभा होता. त्यातला बराचसा त्यांनी स्वतःच्या हाताने कापला होता.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. जमीन निम्मी त्यांच्या दिवंगत पतीची, लक्ष्मीकांतांची. निम्मी दीर भास्कररावांची. बँकेतून निवृत्त झालेल्या भास्कररावांना ती प्लॉट पाडणाऱ्याला विकायची होती. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या निरुपमाबाईंना तिथे झाडं हवी होती. खासगी जमिनीवर साग लावणाऱ्यांना गुजरातचं वनखातं तेव्हा अनुदान देई. एक हप्ता लागवडीला मिळे, दुसरा तपासणीत पुरेशी झाडं जिवंत दिसली तर.

"दुसरा हप्ता आला तर साग राहील," भास्कररावांनी ठरवून टाकलं. "नाही आला तर वहिनी, तुम्ही सही करायची. मग रडायचं नाही."

"रडतंय कोण?" निरुपमाबाई म्हणाल्या होत्या.

त्यांचे वडील दत्तात्रेय संस्थानच्या बागखात्यात होते. वाकडं झाड त्यांना खपत नसे. वाकडा साग उन्हाळा संपता संपता जमिनीलगत कापला की बुंध्यातून सरळ, जोमदार कोंब येतो, हे निरुपमाबाई लहानपणापासून पाहत आल्या होत्या. वैशाखात त्यांनी वाकडी झाडं निवडून हातकरवतीने कापली. काम चोख झालं होतं. तपासणी दिवाळीनंतर होते, तोवर कोंब पुरुषभर वाढतील, असा त्यांचा हिशेब होता.

त्या वर्षी तपासणी ज्येष्ठातच आली.

वनरक्षक राठवा शेताच्या कडेला मोटारसायकल लावून आत आले आणि थबकले. "बेन, कोणी चोरून तोडलीत?"

"मीच कापलीत. मुळं जिवंत आहेत." निरुपमाबाईंनी एका खुंटाची साल नखाने खरवडून हिरवा पापुद्रा दाखवला.

राठवांनी वाकून पाहिलं. "मला दिसतंय, बेन. पण कापलेलं झाड मी जिवंत कसं लिहू? साहेब मलाच कापतील. कोंब दाखवा, लिहितो. पुढच्या गुरुवारी परत याच बाजूला आहे."

तेव्हापासून रोजची एसटी सुरू झाली. त्या विहिरीचं पाणी खुंटांना घालत, भोवतालचं गवत काढत. मग काम उरत नसे, तरी परतीच्या गाडीपर्यंत त्या ओळीओळीतून फिरत राहत. घरी दूध उतू जाई. गुजराती शेजारीण खुशाली विचारी, "मजामां?" त्या भलतंच काही सांगत.

सोमवारी कुठेच काही नव्हतं. मंगळवारी दोनतीन खुंटांना गाठी आल्या. बुधवारी भास्कररावच सोबत आले.

"मी म्हटलं होतं, मोजणी होईपर्यंत हात लावू नका," ते म्हणाले. "पण तुम्ही पडलात बागखात्याच्या. तुमच्या माहेरी माणसंसुद्धा वाकडी चालत नव्हती."

"म्हणून तर सासरी इतका त्रास झाला."

भास्करराव हसले नाहीत. पण धोतराचा काचा आवरून त्यांनी विहिरीवरची बादली उचलली.

गुरुवारी राठवा आले तेव्हा उन्हं चढली होती. बऱ्याच खुंटांवर कोंब होते, काही बोटाएवढे, काही नुसत्या लालसर टोकांचे. काही खुंट कोरडेच होते. राठवांनी एक कोवळं पान चुरगळलं. बोटं लाल झाली. "साग आहे," ते म्हणाले आणि मोजत पुढे गेले. भास्करराव त्यांच्या मागून स्वतः वेगळं मोजत होते. निरुपमाबाई बांधावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

ओळी संपल्यावर राठवा झाडाखाली बराच वेळ बेरीज करत राहिले.

"बेन, कोरडे धरले नाहीत. तरी बसतंय. जेमतेम."

त्यांची मोटारसायकल दिसेनाशी झाली. मग भास्कररावांनी हात पुढे केला. "करवत."

"कशाला?"

"हप्ता हातात यायच्या आधी अजून एक तपासणी आहे. तोवर ती माझ्याकडे राहील. विकायचं मी पुन्हा काढणार नाही, तुम्ही कापायचं काढू नका."

निरुपमाबाईंनी पिशवीतून करवत काढून दिली. दोघं एसटीसाठी निघाले. बांधाजवळच्या ओळीत एक साग कमरेतून वळला होता. वैशाखात तो त्यांच्या नजरेतून सुटला असावा. त्या थांबल्या. त्यांनी तो हाताने सरळ करून धरला, सोडला. तो पुन्हा वळला.

"भावोजी."

"नाही," भास्करराव मागे न बघता म्हणाले. "चला, गाडी जाईल."