नणंदेचा प्रबंध

माझं आणि माझ्या नणंदेचं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिची बाजू घेतली तर ती प्रेमापोटी घेतली असं कुणाला वाटायला नको.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा ती पीएच.डी. करत होती. माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाही ती पीएच.डी.च करत होती. मागच्या खोलीत तिचं राज्य. खिडकीखाली लांब फळी, फळीवर काचेच्या बरण्या, बरण्यांत ओली माती आणि मातीवर गोगलगाई. प्रत्येक बरणीच्या तोंडाला रबर लावून फडकं बांधलेलं. ती फडकी माझी, दूध गाळायची. विचारलं तर म्हणायची, "नवीन आण ना. तुला तेवढंच काम आहे."

ही अशी जीभ. मीही काही मुकी नव्हते. "ताई, लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात. तुम्ही शेंबूड पाळलाय," असं मी एकदा पाहुण्यांदेखत म्हणाले होते. त्यानंतर पंधरवडाभर आमचं बोलणं बंद होतं आणि घरात फार शांतता होती.

ताई प्राणिशास्त्राची. विद्यापीठामागच्या टेकडीवर एक गोगलगाय सापडायची, तिच्यावर तिचा प्रबंध. सगळे म्हणत, टेकडीवर ही एकच प्रजाती आहे. ताई म्हणायची, दोन आहेत. वरच्या खडकांतली उन्हाळ्यात शंखाचं दार खडूसारख्या पांढऱ्या, टणक झाकणाने बंद करते. खालच्या झाडीतली कागदासारखा पातळ पडदा ओढून घेते. बाकी दोघी दिसायला सारख्या. मग तिने दोन्हीकडच्या गोगलगाई घरी आणून एकाच मातीत, शेजारशेजारच्या बरण्यांत वाढवल्या. त्यांची पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. जागा तीच, ओल तीच, कोबीची पानंही तीच, माझ्या स्वयंपाकघरातून पळवलेली. तरी खडकवालीच्या नातवंडांनी पांढरं झाकणच लावलं आणि झाडीवालीच्या नातवंडांनी पडदाच ओढला. म्हणजे हा जागेचा गुण नव्हे, रक्ताचा. एवढं मलाही कळलं. पण तिच्या सरांना कळत नव्हतं, म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं.

सर म्हणजे तिचे गाइड, विभागाचे प्रमुख. आवाज कधी चढला नाही या माणसाचा. सगळ्यांना 'बाळ' म्हणायचा. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण ज्याने काढली त्याने बहुधा याला पाहिलं असावं. दरवर्षी ताई प्रकरणं घेऊन जायची आणि तो ती बाजूला ठेवून म्हणायचा, "अजून एक हंगाम बघू या, बाळ. घाई कशाला?" तोवर त्याचे तास ताईने घ्यायचे, त्याच्या विद्यार्थ्यांचे पेपर ताईने तपासायचे, त्याच्या लेखांच्या मागची संदर्भसूची ताईने लावायची. बिनपगारी अन् फुल अधिकारी म्हणतात, तसंही नव्हतं, अधिकारही नव्हता.

मग एक परिषद झाली. बाहेरून मोठमोठे लोक आले होते. ताई मागच्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्च्या लावून बसली होती. व्यासपीठावर सरांची सूनबाई उभी राहिली. ती नुकतीच विभागात लागली होती. तिने लेख वाचायला घेतला: टेकडीवरच्या गोगलगाईंच्या दोन प्रजाती. पडद्यावर ताईने काढलेली चित्रं, ताईने घेतलेली मोजमापं, आणि खाली नाव सुनेचं आणि सासऱ्याचं.

ताई उठली. "ही मोजमापं कुणी घेतली?"

सूनबाई सरांकडे बघायला लागली. सर हसले. "आमच्या या विद्यार्थिनीने थोडी मदत केलीय. दमलीय बिचारी. बस बाळ, पाणी पी."

"मी दमले नाही. मी विचारतेय, कुणी घेतली?"

सभागृहात कुणी 'च्' केलं, कुणी घड्याळ बघितलं. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. झालं.

त्यानंतर विभागात ती गेली की लोक बोलायचे थांबत. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. एके दिवशी तिचं कपाट रिकामं करून तिने जमवलेले शंख कचऱ्यात टाकले. विचारल्यावर उत्तर आलं, जागा हवी होती. घरी आमच्या ह्यांनी तिला समजावलं, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? सोडून दे. एखाद्या शाळेत चिकटून जा."

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तू आयुष्यात काही धरलं नाहीस, म्हणून तुला सोडणं सोपं वाटतं."

हे कान पाडून बाहेर गेले. माझ्या नवऱ्याला असं बोलल्याचा मला राग आला. पण बोलणं खोटं नव्हतं, याचा जास्त आला.

विभागात सरांना एकच वैरीण होती. तिथल्याच दुसऱ्या प्राध्यापिका, जाड चष्म्याच्या, मुलं त्यांना 'मुकादम' म्हणायची. सरांनी त्यांची बढती कधी काळी अडवली होती. ताई त्यांच्याकडे गेली आणि गाइड बदलून मागितला. बाई बरण्या बघायला आमच्या घरी आल्या. बरण्यांकडे त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही.

"हे बघ, मला तुझ्या किड्यांशी काही देणंघेणं नाही," त्या म्हणाल्या. "मला त्या माणसाला मान खाली घालताना बघायचंय. जमेल?"

"गोगलगाय किडा नसते," ताई म्हणाली.

"जमेल का ते सांग."

"जमेल. पण सही वेळेवर करायची. मला पुन्हा 'अजून एक हंगाम' ऐकायचं नाही."

अशी ती सोयरीक जुळली. दोघी एकमेकींशी एक शब्द गोड बोलल्या नाहीत. तरी काम पुढे सरकलं, हे मात्र खरं.

कचऱ्यात गेलेले शंख पुन्हा जमवायचे होते. विभागातलं कुणी तिच्याबरोबर टेकडीवर यायला तयार नव्हतं आणि ह्यांनी तिला एकटीला जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. स्वतः जायचं, असं मात्र ठरवलं नाही. म्हणजे राहिले मी. चिखलात, काट्यांत, हातात टोपली. ती पुढे वाकून दगड उलटवायची आणि मागे न बघता हुकूम सोडायची.

"हळू धर. फोडशील."

"फोडते की चांगली. माझा संसार सोडून मी इथे दगडाखाली काय शोधतेय?"

"तुझ्या संसारात शोधण्यासारखं काय आहे?"

मी टोपली खाली ठेवली आणि निघाले. ती मागून ओरडली, "त्यांनी चित्र उलटं दाखवलंय!"

मी थांबले. ती दगडावर बसली होती आणि हसत होती. तिला हसताना मी फारशी पाहिलेलीच नव्हती. मग तिने सांगितलं. तिने पहिली चित्रं काढली तेव्हा विभागातल्या सूक्ष्मदर्शकाला आरसा जोडलेला होता. आरशातून बघून कागदावर गिरवायचं. आरशात डावं-उजवं बदलतं, तसा शंखाचा पीळही बदलला. तिची गोगलगाय उजव्या पिळाची, चित्रात आली डाव्या पिळाची. ते लक्षात आल्यावर तिने सगळी चित्रं पुन्हा काढली. पहिली मात्र सरांच्या टेबलावर राहून गेली होती.

"तीच उचलली," ती म्हणाली. "सासऱ्याने बघितलं नाही, सुनेने बघितलं नाही. दोघांपैकी एकानेही ती गोगलगाय कधी हातात धरलेली नाही. या टेकडीवर डाव्या पिळाची एकही नाही."

"मग परिषदेत का नाही बोललात?"

"तिथे बोलले असते तर म्हणाले असते, पडद्यावर चित्र उलटं लागलं. आता लेख नियतकालिकात छापून येऊ दे. पक्का होऊ दे."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, ही बाई किती दिवस राग शिजत ठेवू शकते. मी टोपली उचलली. कौतुक वगैरे नाही; पुढे काय होतं ते बघायचं होतं.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली होती. मी गेले. सर पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी सूनबाई. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन-चार प्रश्न विचारले, ताईने उत्तरं दिली. मग सर उठले. आवाज नेहमीसारखाच, साय धरल्यासारखा.

"बाळ, मेहनत दिसतेय. पण हे तर आमच्या लेखात आधीच छापून आलंय. यात नवीन काय? आणि दुसऱ्याचं छापलेलं आपल्या नावावर घालणं, याला काय म्हणतात ते मी इथे बोलत नाही."

ताईने पिशवीतून बरणी काढली. माझं फडकं सोडून एक गोगलगाय उचलली आणि सरांच्या समोरच्या बाकावर ठेवली. शेजारी त्यांचाच छापलेला लेख, चित्राचं पान उघडून.

"सर, या दोन्हींचे पीळ बघून सांगा. डावा की उजवा?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सूनबाई वाकली आणि तिचा चेहरा पडला. गोगलगाय शिंगं काढून सरांच्या लेखावर चढू लागली.

"चित्र आरशातून काढलेलं आहे," ताई म्हणाली. "चूक माझी. मी नंतर सुधारली, पाचव्या प्रकरणात आहे. तुम्ही माझं काम घेतलंत, ते निदान बघून तरी घ्यायचं. माझी चूकसुद्धा तुम्ही तुमच्या नावावर घातलीत."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू आवरेना. मोठ्या परीक्षकांनी लेख आपल्याकडे ओढला, गोगलगाय अलगद बाजूला केली आणि बराच वेळ चित्र बघत राहिले. सर खाली बसले. त्यांची मान खाली गेलेली मुकादमबाईंनी डोळे भरून पाहिली. पदवी तिथेच जाहीर झाली. विभागातली मुलं त्या दिवसापासून सरांना 'डावे सर' म्हणायला लागली.

एखादीची गोष्ट इथे संपली असती. ताईची संपली नाही. पुढच्याच वर्षी विभागात जागा निघाली. निवड समितीत मुकादमबाई होत्या, म्हणून ताई निर्धास्त होती. जागा लागली ती कुठल्याशा तिसऱ्याच माणसाला. मग कळलं, सरांनी प्रमुखपद सोडताना त्या जागी बाईंना बसवायच्या बाजूने मत दिलं होतं आणि बाईंनी त्याची परतफेड ताईला वगळून केली होती. ताई जाब विचारायला गेली.

"मी तुला सही वेळेवर दिली की नाही?" बाई म्हणाल्या. "आपलं तेवढंच ठरलं होतं."

"तुम्ही त्यांच्यापेक्षा वाईट आहात," ताई म्हणाली. "ते निदान लपून करतात."

ती घरी आली, मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी जेवायला हाक मारली नाही. ताट झाकून दाराशी ठेवलं. सकाळी ताट रिकामं होतं आणि ती अर्ज लिहीत बसली होती.

शहराच्या पार टोकाला एका कॉलेजात नोकरी मिळाली. इतर कुठे प्रवेश न मिळालेली मुलं तिथे येत. प्रयोगशाळेत नळाला पाणी नसायचं. ही घरून कॅन नेई. मुलं तिला 'करवत' म्हणत. तिने कुणाचंही कधी कौतुक केलं नाही. पण पुढे तिच्याकडे पीएच.डी.ला आलेली मुलं वेळेत प्रबंध देऊन बाहेर पडू लागली. एक मुलगी मला म्हणाली, "बाई प्रकरण वाचून फाडून खातात हो. पण आठवड्याच्या आत खातात."

बरीच वर्षं गेली आणि एका दुपारी डावे सर आमच्या दारात उभे. काठी टेकत आलेले, केस पांढरे. निवृत्तीनंतर त्यांच्या सत्काराचा घाट घातला होता. जुन्या विद्यार्थ्यांनी बोलायचं होतं. मी चहा केला. दाराशी आलेल्याला पाणीसुद्धा नाकारायची आमच्याकडे रीत नव्हती.

"झालं गेलं विसरायचं, बाळ," ते चहाचा घोट घेत म्हणाले. "तू चार शब्द बोललीस तर लोकांचे गैरसमज जातील. शेवटी मीच तुला घडवलं ना?"

"लोकांचे गैरसमज नाहीत," ताई म्हणाली. "लोकांना बरोबर माहीत आहे."

"एवढा राग बरा नाही. माझं वय बघ."

"माझंही बघा. त्यातली किती वर्षं तुमच्या टेबलावर पडून होती? त्या वेळी मी बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, पाणी पी. आता मला बोलायचं नाही."

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही तरी समजवा हिला. पहिल्यापासून हट्टी. घरातही सुखाने राहू दिलं नसेल तुम्हाला."

नव्हतंच राहू दिलं. पण ते मी म्हणायचं, याने नव्हे. मी पुढे झाले आणि अर्धा भरलेला कप त्यांच्या हातातून काढून घेतला. बशीही घेतली. सरांनी रिकाम्या हातांकडे बघितलं, काठी शोधली आणि उठले. पायरी उतरताना त्यांनी आधारासाठी इकडेतिकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणी हात दिला नाही.

मी मोरीत चहा ओतत होते तेव्हा ताई मागे येऊन उभी राहिली.

"कप का उचललास?"

"मग काय दुसरा भरून देऊ?"

"माझ्याकडे आला होता तो. मी घालवणार होते. प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची सवय आहे तुला."

"तोंड कुठे घातलं? हात घातला."

"तेच ते," ती म्हणाली, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.