एकतीस पानांची गरिबी

फजिती माझीच आहे, तेव्हा तपशिलात चूक नको. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार, संध्याकाळचे साडेसात, डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीचा जिना. सांगणारे तिसऱ्या मजल्यावरचे लेलेकाका.

"काय रे, अमेरिकेच्या अर्जाचं कुठवर आलं?"

"काका, नुसत्या अर्जाची फी सहा हजारांच्या घरात आहे. बाबा निवृत्त झालेत. एकाच विद्यापीठात अर्ज करणार. तिथली शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य."

"मग फी माफ करून घे की! माझ्या भाचीने दोन ओळींचा मेल टाकला, झालं काम."

दोन ओळी! मी एम.एस्सी. झालेला माणूस, ऐकीव माहितीवर विसंबतो की काय? तरी प्रयोग म्हणून घरी जाऊन विद्यापीठाला मेल पाठवला. आठ मिनिटांत उत्तर! फी माफ, हा घ्या कोड, अर्जात टाका.

आता तुम्हीच सांगा. ना दाखला, ना शिक्का, ना "उद्या या". आणि थेट माफी? आमच्या कॉलेजात हरवलेल्या ओळखपत्रासाठीसुद्धा अर्जाला अर्ज जोडावा लागायचा! मी ठाम निदान केलं: ही फसवणूक आहे. त्या मेलकडे पुन्हा पाहिलं नाही आणि रीतसर कामाला लागलो.

कल्याणहून उत्पन्नाचा दाखला काढला. तो मराठीत, म्हणून इंग्रजी भाषांतर. भाषांतर खरं असल्याचं प्रतिज्ञापत्र. त्यासाठी ठाण्याला नोटरी.

"कुठे द्यायचंय हे?" नोटरींनी विचारलं.

"अमेरिकेला."

"मग लाल सील पण मारू? जास्तीचे पडतील हां."

"मारा. प्रत्येक पानावर!"

आई म्हणाली, "नगरसेवकांचं पत्रही लाव रे, बरं दिसतं." लावलं. एकूण एकतीस पानं, प्रत्येकावर माझी सही, अनुक्रमणिका वेगळी.

तेविसाव्या दिवशी हा ऐवज स्कॅन करून विद्यापीठाला मेलने रवाना केला. या वेळी उत्तर सहाच मिनिटांत: "कागदपत्रं फार सुंदर आहेत. पण आम्ही ती मागितलीच नव्हती. तुमची फी पहिल्याच दिवशी माफ केली होती. त्या कोडची मुदत तीन आठवड्यांची; ती परवा संपली. दुसरा कोड देता येत नाही."

अर्जाची शेवटची तारीख त्याच आठवड्यात! बाबांनी कार्ड काढून दिलं. फी भरली. दाखला, भाषांतर, नोटरी, लाल सील आणि रिक्षा धरून खर्च फीच्या दुप्पट झाला होता.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "गरिबी सिद्ध करता करता खरीच आणलीस म्हण की!"

अर्ज मात्र बिनचूक गेलाय. निकाल यायचाय आणि मी निर्धास्त आहे. फक्त त्या भाचीचा मेल खरोखर दोनच ओळींचा होता का, एवढं मला पडताळता आलेलं नाही. तिला लिहून विचारलं. तिचं उत्तरही आलंय.

पण चार मिनिटांत आलं हो! अजून उघडलेलं नाही.