गंगव्वाची जास्वंद

प्रेमाबाईंच्या हाताला गुण आहे, असं चामराजपेटेतल्या त्यांच्या गल्लीत सगळेच म्हणत. सुकलेली काडी त्यांनी मातीत खोचली तरी पंधरा दिवसांत तिला डोळे फुटायचे. प्रेमाबाईंना हे ऐकायला आवडायचं. वरवर त्या "कसला गुण अन् काय" म्हणायच्या, पण कुणी दोन दिवसांत तसं म्हटलं नाही, तर स्वतःच शेजारणीला गच्चीवर बोलावून नवी पालवी दाखवायच्या. गच्ची भाड्याच्या घराची. तिच्यावर डालड्याचे डबे, फुटक्या बादल्या, मालकांनी टाकून दिलेली मोरीची टाकी, आणि या सगळ्यांतून वर आलेली ऐंशी-नव्वद झाडं. नवरा अनिलकुमार म्हणायचा, "एक दिवस गच्ची खाली येणार, आणि आपण झाडांसकट मालकाच्या स्वयंपाकघरात." तेवढं बोलून तोच पाण्याच्या बादल्या वर चढवायचा.

या गुणामागची खरी गोष्ट वेगळी होती. प्रेमाबाईंच्या मावशीनं त्यांना लहानपणीच शिकवलं होतं, की मागून आणलेली काडी मातीला धरत नाही. न विचारता आणलेली धरते. प्रेमाबाईंनी ते आयुष्यभर पाळलं. देवळाच्या आवारातली शेवंती, नणंदेच्या सासरचा मोगरा, दवाखान्याच्या कुंपणावरची बोगनवेल, सगळीकडून एकेक काडी त्यांच्या पर्समध्ये आली होती. पर्समध्ये घडीचा छोटा चाकू आणि ओल्या फडक्याची पिशवी कायमची असे. याला त्या चोरी म्हणत नसत. आजूबाजूच्या बायकाही म्हणत नसत, कारण त्याही तेच करत.

नोकरी एका उदबत्तीच्या निर्यातदाराकडे, टायपिस्टची. सत्त्याण्णव साली परदेशी गिऱ्हाइकांसाठी कचेरीत ई-मेल आली आणि ती उघडायची, छापायची, उत्तर टंकायचं, हे सगळं प्रेमाबाईंकडे आलं. त्याच सुमाराला पेपरात छोटीशी बातमी आली: इंदिरानगरच्या रोशन नावाच्या माणसानं बागप्रेमींसाठी ई-मेलवर एक गट काढला आहे. एकानं पत्र लिहिलं की ते सगळ्यांना मिळतं. प्रेमाबाईंनी जेवणाच्या सुटीत बिचकत बिचकत एक पत्र धाडलं. दुसऱ्या दिवशी मिलीबगच्या पांढऱ्या किडीवर काय करावं हे सांगणारी चार उत्तरं आली, आणि त्या दिवसापासून डबा टेबलावर तसाच राहायला लागला.

गटात वीसेक माणसं. कारभार इंग्रजीत. महिन्याभरानं शिवाप्पा नावाच्या गृहस्थांनी प्रेमाबाईंना वेगळं पत्र लिहिलं, इंग्रजी अक्षरांत मराठी. ते मूळचे चिक्कोडीकडचे, घड्याळांच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, हेब्बाळला राहणारे. मुलगा अमेरिकेला जाताना संगणक ठेवून गेला होता. बायको गंगव्वा दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरात मराठी बोलायला माणूस उरलं नव्हतं, म्हणून ते प्रेमाबाईंना लिहायचे. प्रेमाबाई ती पत्रं ओठ हलवत, अक्षरं जुळवत वाचायच्या. त्या त्यांना अण्णा म्हणू लागल्या आणि अण्णा त्यांना सरळ 'अगं प्रेमा' लिहू लागले.

अण्णांच्या पत्रांत एक जास्वंद सारखी यायची. ती गंगव्वानं स्वतः तयार केली होती. अण्णा दुसऱ्या पाळीला कारखान्यात असताना तिनं आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून एका जास्वंदीचे पराग दुसरीला लावले, बी धरलं, चौदा रोपं केली. तेरा कामाची निघाली नाहीत. चौदाव्याला दुधात हळद घातल्याच्या रंगाचं फूल आलं, गाभा जांभळा, आणि पाच पाकळ्यांतली एक नेहमी कडेला दुमडलेली. एकाच आईबापाची दोन मुलं जशी एकसारखी होत नाहीत, तशी बियांपासून आलेली दोन जास्वंदी एक होत नाहीत. तेव्हा ते झाड जगात एकटं होतं, आणि अण्णांना त्याचा फार अभिमान होता.

अठ्ठ्याण्णवच्या जूनअखेर गटातली माणसं पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटली, ती अण्णांच्याच घरी. इतके महिने अक्षरांतून ओळखीची माणसं समोर पाहून सगळेच थोडे लाजले. मग कुणीतरी अळूच्या कंदांची पिशवी उघडली आणि लाज संपली. अण्णा उंच, वाकलेले, पांढऱ्या लुंगीवर इस्त्रीचा शर्ट. ते प्रत्येकाला बाग दाखवत होते.

"न्या की, काय पाहिजे ते न्या," ते म्हणाले. जास्वंदीपाशी मात्र थांबले. "एवढं एक सोडून. हे माझ्यापाशीच असू दे."

सगळे हो म्हणाले आणि चहाला आत गेले. प्रेमाबाई मागे राहिल्या. त्यांचे हात शिवशिवत होते. नाही म्हटलेली काडी तर हमखास लागणार, हे मावशीचं गणित डोक्यात होतं. शिवाय असं फूल आपल्या गच्चीवर असेल, हा मोह होता, आणि खरं सांगायचं तर मोहच जास्त होता. त्यांनी चाकू काढला, मागच्या बाजूची बोटाएवढी फांदी कापली, फडक्यात गुंडाळली आणि आत जाऊन अण्णांच्या हातचा चहा प्याल्या. चहा चांगला होता असंही म्हणाल्या.

काडी लागली. न लागायला काय झालं होतं.

ऑक्टोबरात अण्णांचं पत्र आलं. जास्वंद मागच्या बाजूनं काळी पडत चालली होती, एका कापलेल्या टोकापासून खाली. कुणी उपाय सांगेल का. प्रेमाबाईंच्या हातातला डब्याचा घास हातातच राहिला. जूनमधल्या त्या भेटीसाठी हेब्बाळला निघण्यापूर्वी त्यांनी याच चाकूनं घरच्या गुलाबाची सडलेली फांदी छाटली होती. चाकू तसाच पर्समध्ये टाकला होता. आणि एका झाडाचा चाकू दुसऱ्याला लावण्याआधी स्पिरिटनं पुसावा, हा उपदेश गटाला मे महिन्यात कुणी केला होता? प्रेमाबाईंनीच. दहा जणांनी त्याबद्दल आभार मानले होते.

त्यांनी उत्तरात बुरशीचं औषध सुचवलं. नोव्हेंबरात झाड गेलं. अण्णांनी एवढंच लिहिलं, "काल मुळासकट काढलं. खड्डा तसाच ठेवलाय." प्रेमाबाईंच्या गच्चीवर त्याच आठवड्यात पहिली कळी धरली.

त्यानंतर प्रेमाबाईंना मन खाऊ लागलं. कळी उमलली, पाचवी पाकळी कडेला दुमडलेली. त्यांनी ते फूल देवाला वाहिलं नाही, केसात घातलं नाही, शेजारणीला दाखवलंही नाही. कुंडी टाकीच्या मागे सरकवून ठेवली. अनिलकुमारनं विचारलं, "हे नवीन कुठून?" तर "असंच" म्हणाल्या. सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. कचेरीत पत्र लिहायला बसल्या की 'अण्णा' एवढं लिहून व्हायचं आणि कुणीतरी बिल मागायला यायचं. कुणी आलं नाही, तर त्या स्वतःच उठून पाणी प्यायला जायच्या.

मार्चमध्ये दुसरी भेट ठरली, इंदिरानगरला रोशनच्या घरी. प्रेमाबाईंनी मनाशी पक्कं केलं: कुंडी घेऊन जायचं, अण्णांना बाजूला घ्यायचं, पाया पडायचं आणि सांगायचं. त्या मुद्दाम अर्धा तास आधी पोचल्या. अण्णा त्यांच्याही आधी आले होते.

त्यांनी कुंडी रिक्षातून उतरताना पाहिली. पुढे आले. त्या दिवशी एक फूल होतं. अण्णांनी दुमडलेल्या पाकळीखाली बोट धरलं आणि ते तिथेच ठेवलं. तोवर आणखी चार-पाच जण भोवती जमले. रोशनचा नियम होता, आणलेल्या प्रत्येक रोपाला चिठ्ठी लावायची: नाव काय, आणि कुणाकडून आलं. तो पेन आणि चिठ्ठ्या घेऊन आला. "अक्का, हे कुणाकडचं?"

सगळे बघत होते. त्यांना प्रेमाक्का म्हणणारी, त्यांच्या हाताच्या गुणाचं कौतुक करणारी माणसं.

"होसूर रस्त्यावरच्या नर्सरीत मिळालं," त्या म्हणाल्या.

रोशननं 'नर्सरी' असं लिहून चिठ्ठी कुंडीत खोचली. अण्णांनी बोट काढून घेतलं.

"नर्सरीत? पुष्कळ होती काय?"

"तीन-चार होती." एकदा सुटलं की सुटलंच.

"बरं झालं," अण्णा म्हणाले. ते हसले सुद्धा. कुणीतरी म्हणालं, घ्या अण्णा, तुम्हाला परत मिळालं की. अण्णांनी मान हलवली. "नको. नर्सरीत मिळतंय तर काय. असू दे प्रेमाकडंच." मग ते डोकं दुखतंय म्हणून जेवणाआधी निघून गेले. प्रेमाबाईंना त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

सोमवारी जेवणाच्या सुटीत पत्र आलं, सगळ्या गटाला उद्देशून, फोरमनच्या कडक इंग्रजीत. माझी जास्वंद माझ्या पत्नीनं निर्माण केली, असं मी वेळोवेळी लिहिलं. तेच झाड शहरातल्या नर्सरीत विकत मिळतं, हे काल डोळ्यांनी पाहिलं. बियांपासून दोनदा एकच झाड होत नाही, तेव्हा पत्नीनं ते बाहेरून आणलं असलं पाहिजे आणि मला तसं सांगितलं नसलं पाहिजे. मी त्या वेळी पाळीवर होतो, पाहिलेलं काही नाही. सर्वांची दिशाभूल झाली याबद्दल क्षमा असावी.

प्रेमाबाईंनी ते दोनदा वाचलं. झाड चोरलं, झाड मारलं, इथवर त्यांनी स्वतःला कसंबसं समजावलं होतं. झाडं मरतात, आपल्याकडे एक जिवंत तर आहे. पण आता त्यांनी एका मेलेल्या बाईला, जी परत येऊन एक शब्द बोलू शकत नव्हती, तिच्या नवऱ्यापुढे खोटं पाडलं होतं. लाजेनं त्यांचे कान तापले. तरीही मंगळवार गेला, बुधवार गेला. अण्णांना एकट्यालाच लिहावं का, असा विचार दोन दिवस चालला. पण अण्णांनी माफी वीस जणांपुढे मागितली होती. गुरुवारी त्यांनी डबा उघडलाच नाही. सगळ्या गटाला लिहिलं: नर्सरी नाही. जूनमध्ये मी अण्णांच्या बागेतून काडी चोरली. चाकू पुसला नव्हता. अण्णांचं झाड बहुतेक त्यानंच गेलं. ही जास्वंद गंगव्वाबाईंचीच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. बटण दाबलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

गटातून कुणाचंच उत्तर आलं नाही. शुक्रवारी अण्णांचं आलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, एक ओळ: "रविवारी ये. कुंडी घेऊन ये."

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून सुटणारी हेब्बाळची बस भरलेली होती. प्रेमाबाई कुंडी मांडीवर धरून बसल्या होत्या, आणि कंडक्टर कानडीत "स्वल्प मुंदे होगी", जरा पुढे सरका, म्हणत माणसं पुढे ढकलत होता, तशा त्या दर वेळी फांदीवर हात धरत होत्या. अण्णांनी दार उघडलं. 'ये' म्हणाले नाहीत, बाजूला झाले. खड्डा अजून तसाच होता. दोघांनी मिळून रोप लावलं. अण्णांनी माती दाबली, पाणी घातलं, मग पायरीवर बसले.

"चाकू पुसला नव्हतास?"

"नाही, अण्णा."

"पुसावा म्हणून तूच लिहिलं होतंस की."

"हो."

अण्णांनी हाताची माती झटकली. "झाडाचं सोड. झाड जातंय. पण चार दिवस मी तिच्या फोटोपुढं दिवा लावला नाही. खोटं बोललीस म्हणून तिच्याशी भांडत बसलो होतो, एकटाच. तिला काय सांगू आता?"

प्रेमाबाईंना रडू आलं. ते त्यांनी आवरलं, कारण इथे रडायचा हक्क आपला नाही, हे त्यांना कळत होतं. त्या वाकून पाया पडल्या. अण्णांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

निघताना ते आतून चाकू आणि स्पिरिटची बाटली घेऊन आले. पातं पुसलं, वाळू दिलं, आणि नुकत्याच लावलेल्या रोपाची एक फांदी हातात धरली.

"पाहिजे काय? मग माग."

प्रेमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काडी मागितली. "द्या, अण्णा."

त्यांनी कापून दिली.

ती लागली नाही. माती चाळून घेतली, सावली धरली, दिवसातून दोनदा पाहिलं. महिन्यात काळी पडली. जूनमध्ये अण्णांनी स्वतःहून विचारलं, लागली काय? नाही, म्हणून त्यांनी लिहिलं. ये, दुसरी देतो, असं उत्तर आलं. ती दुसरीही गेली, नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरातली तिसरीही. गल्लीत अजून सगळे म्हणतात, प्रेमाबाईंच्या हाताला गुण आहे. त्या आता त्यावर काही बोलत नाहीत. पर्समधला चाकू त्यांनी स्वयंपाकघरात मिरच्या चिरायला काढून ठेवला आहे, आणि गच्चीवर टाकीच्या पुढे, सगळ्यांना दिसेल अशा जागी, मातीनं भरलेली एक कुंडी रिकामी आहे.