पास्त्यात गेलेली तुळस

चहा ओतलात ना? मग ऐका. पण आधीच सांगतो, हसलात तर नंतर तुम्हालाच वाईट वाटेल, आणि नाही हसलात तर मला वाटेल. गाढवपणा माझ्या हातून आयुष्यभर झाला, त्यात नवल नाही. पण मरणाच्या दारात जाऊन केलेला हा एकच!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गावाचं तुम्हाला माहीतच आहे. तानसा तलाव उशाशी, पाणी मुंबईच्या नळाला, आणि आमच्या नशिबी टँकर. मे महिन्यात अख्ख्या आळीत हिरवं म्हणून काही दिसत असेल तर ते फक्त माझ्या अंगणात. का? तर माझी बोरवेल!

आणि याच बोरवेलवरून माझं आणि पांडूचं फाटलं होतं. पांडू म्हणजे माझा चुलत भाऊ आणि शेजारी. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो, एका म्हशीवर बसलो आणि एकाच मास्तरांचा मार खाल्ला. मी बोर मारली ती त्याच्या विहिरीपासून दहा पावलांवर. पुढच्या उन्हाळ्यात त्याची विहीर आटली.

"दाम्या, तू माझं पानी चोरलंस!"

"जमिनीखालचं पानी काय तुझ्या बापानं पुरून ठेवलं व्हतं?"

त्याचा बाप म्हणजे माझा सख्खा काका, ज्यानं मला पोहायला शिकवलं, हे रागात कोण लक्षात ठेवतो? पांडू म्हणाला, "आजपासून तुझ्या घरचा पान्याचा थेंब तोंडात घेनार नाय. मरताना पन नाय!"

अकरा वर्षं! अकरा वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बायका कुंपणावरून हळूच बोलायच्या, आम्ही दोघे मात्र एकमेकांच्या अंगणाकडे पाठ करून दात घासायचो. विहीर माझ्या बोरनं आटली की काय, असं विचाराल तर… जाऊ द्या. मी कधी कबूल केलं नाही, एवढं खरं.

तर त्या दिवशी मुलगी आणि जावई दुपारी यायचे होते. जावई पहिल्यांदाच राहायला येणार, आणि आमची मंडळी मुरबाडला, तिच्या आईचं हाड मोडलं म्हणून. मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, यांना पास्ता आवडतो. पाकीट आणि तेलाची बाटली पाठवलीय. तुम्ही फक्त टोमॅटो आणून ठेवा, मी येऊन करते."

म्हणजे काय? मला येत नाही? मी लगेच मोबाइलवर व्हिडिओ लावला. इटलीच्या दक्षिणेकडची कोणी आजीबाई, आमच्या मावशीसारखीच जाडजूड, सांगत होती की हे गरीब शेतकऱ्यांचं जेवण. टोमॅटो, लसूण, सुकी मिरची आणि तेल. मी म्हटलं, वा! मग हे तर आपलंच झालं! पाच किलो टोमॅटो आणले. माणसं तीन, टोमॅटो पाच किलो. जावयाला कमी पडलं असं कोणी म्हणायला नको.

टोमॅटो रटरटायला लागले तशी आजीबाईनं हिरवी पानं काढली आणि ओंजळभर भांड्यात टाकली. मी मुलीला फोन लावला.

"ती पानं कसली गं?"

"बेसिल ते. आपल्या तुळशीतलाच प्रकार. नसेल तर राहू द्या, बाबा. आणि पास्ता जास्त शिजवू नका हं, दाताला किंचित लागला पाहिजे."

"कुणाच्या दाताला? माझे वरचे चार गेलेत!"

पण 'राहू द्या' हे मला ऐकूच आलं नाही. तुळशीतलाच प्रकार ना? मग अंगणात वृंदावन आहे की! आमची मंडळी एक पान तोडायचं तर आधी हात जोडते, पुटपुटत परवानगी मागते. मी कात्री घेऊन गेलो. पाच किलो टोमॅटोला ओंजळभर पानं कशी पुरणार? सगळं झाड भादरलं. नुसत्या काड्या उरल्या. सगळी तुळस गेली सॉसमध्ये.

वास काय सुटला म्हणून सांगू! लसणाचा, मिरचीचा, तुळशीचा. मी शिट्टी वाजवत पास्ता गाळला, सॉसमध्ये ढकलला आणि डाव फिरवत खिडकीपाशी उभा राहिलो. तेवढ्यात पांडूच्या दारात गाडी लागली.

पांडू पंधरा दिवस कल्याणला दवाखान्यात होता. पोटाचं काहीतरी, एवढंच कानावर होतं. भेटायला गेलो होतो का? नाही. दोनदा कल्याणच्या जीपमध्ये जाऊन बसलो आणि दोनदा उतरलो. तोंड काय घेऊन जाणार? म्हणून त्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून घरात नेताना बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. दवाखान्यानं सोडलं म्हणजे माणूस बरा झाला. आपलं डोकं हे असं चालतं!

आनंदाच्या भरात मी डाव उंचावून ओरडलो, "काय वहिनी! आनला का घरी? बेस झाला, बेस झाला!"

शेवंता वहिनी, म्हणजे पांडूची बायको, माझ्याकडे बघत राहिली. डावातून लाल रस ओघळत होता. ती वळली आणि आत गेली. मला वाटलं, अकरा वर्षांची सवय, एकदम कशी बोलेल?

पाच मिनिटांत ती माझ्या अंगणात. अकरा वर्षांत पहिल्यांदा!

"भावजी, तुळशीची दोन पानं पायजेत. आमची तुळस वाळली."

मी काय बोललो असेन? आता सांगतानाही जीभ झडावी असं वाटतं.

"पूजा घालताव वाटतं? घाला, घाला! मानूस घरी आला, घालायलाच पायजे. परसाद पाठवा म्हंजे झालं!"

वहिनी शांतपणे म्हणाली, "डॉक्टर बोलले, घरी न्या. आजचा दिस काढतील का नाय, सांगता येत नाय. तोंडात पान ठेवायचं हाय."

माझ्या हातातला डाव खाली पडला. वहिनी वृंदावनाकडे वळली आणि तिथेच थांबली.

"भावजी… पानं?"

"तोडली."

"सगळी?"

"सगळी."

"कोनी?"

"मीच. तुमी व्हा पुढं वहिनी, मी घेऊन येतो."

ती गेली. तुम्ही म्हणाल, दुसऱ्या घरून आणायची होती. कुठून? सगळ्या आळीत तुळशीच्या काटक्या झालेल्या. देवळामागे एक रोप होतं, पण जाऊन यायला अर्धा तास. वहिनीच्या चेहऱ्यावर अर्धा तास दिसत नव्हता.

मग मी काय केलं? तेच केलं! पातेल्यात हात घातला. बोटं भाजली, ती भाजूच देत. पास्ता बाजूला सारत सारत एक एक पान वर काढत होतो. सगळी शिजून मेण झालेली. त्यातल्या त्यात धड अशी दोन सापडली. नळाखाली धुतली. पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा धुतली तरी तेलाची चकाकी जाईना आणि लसणाचा वास तर मुळीच नाही. आणि धुतली कुठल्या पाण्यानं? बोरच्या! हे तेव्हा सुचलं नाही. ताटलीत ठेवून पांडूच्या दारात गेलो तेव्हा सुचलं.

पांडूला बाहेरच्या खोलीत जमिनीवर निजवलं होतं. अर्धी आळी जमली होती. एवढासा झाला होता हो तो. दोन्ही मुली सासरहून निघाल्या होत्या, वाटेत होत्या. मुलगा नाही. आळीतले थोरले तुकाबुवा उशाशी बसून देवाचं नाव घेत होते.

मी ताटली वहिनीपुढे धरली. तिनं हात मागे घेतला.

"तुमीच ठेवा, भावजी. भाव हाव तुमी."

सगळी आळी बघत होती. त्याची शपथ कोणाला ठाऊक नव्हती? तुकाबुवांनी डोळे मिटले. मी गुडघ्यावर बसलो, पान उचललं आणि मनात म्हटलं, पांडू, थुंकू नको रे. एवढ्या लोकांत थुंकू नको. पाहिजे तर वर जाऊन थुंक.

पान जिभेवर ठेवलं. चार दिवस त्याच्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं म्हणे. आणि त्याचा जबडा हलला! एकदा. दोनदा. पांडू चावायला लागला! बायकांनी हुंदके थांबवले. त्यानं गिळलं. मग डोळे उघडले, सगळीकडे फिरवले आणि माझ्यावर आणून थांबवले.

"दाम्या…"

अकरा वर्षांनी! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"दाम्या… मीठ नाय घातलंस."

तुकाबुवा मला म्हणाले, "मीठ? तुळशीत कसलं मीठ रे?"

आता खोटं कुठं बोलणार? मरणाऱ्याच्या उशाशी? मी मान खाली घालून सगळं सांगितलं. इटलीची आजीबाई, पाच किलो टोमॅटो, कात्री, सगळं. मग वहिनीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मला वाटलं, रडतेय. रडतच होती, पण त्याआधी हसली. खांदे गदागदा हलत होते तिचे. म्हणाली, "चार दिस मी पेज घेऊन बसले, तोंड नाय उघडलंनी. आन् तुमच्या रश्श्यात मीठ कमी, ते बरं कळलं यांना!"

पांडूनं डोळे मिटले होते. माझा हात त्याच्या हातात होता. मी धरला होता की त्यानं, ते नक्की सांगता येणार नाही. तासाभरात गेला. त्यानंतर काही बोलला नाही.

मुली पोचल्या तेव्हा ऊन कलतं होतं. प्रेत उठेपर्यंत आमच्याकडे आळीत चूल पेटत नाही, कोणी जेवत नाही. माझी मुलगी आणि जावईसुद्धा तोवर उपाशीच बसले होते. स्मशानातून येऊन मी बोरखाली अंघोळ केली आणि ओलेत्यानंच घरात गेलो. सुतक आम्हालाही, नवीन काही रांधायचं नाही. पास्ता पांडू जायच्या आधी झालेला, म्हणून तो चालतो, असं शास्त्र मीच काढलं आणि जावयाला ताट वाढलं.

जावई बिचारा सकाळपासून उपाशी. एक ताट संपवलं, दुसरं घेतलं.

"मस्त झालाय हो, बाबा! एकदम परफेक्ट!"

मुलगीही म्हणाली, "खरंच, बाबा, छान जमलाय."

मग मी पातेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

मिठाचा कण नव्हता. सॉसमध्ये नाही, पास्त्यात नाही. साफ विसरलो होतो.

"पांडू, तुझंच खरं रे," मी म्हणालो. त्याला हे ऐकायचं होतं अकरा वर्षं, विहिरीच्या काठावर. मी म्हणालो ते पास्त्याच्या पातेल्याला, आणि त्याला जाळून आल्यावर.