शाबीत न झालेलं खूळ

आमच्या कोल्हापुरात ‘खुळं’ हा शब्द न उच्चारता दिवस पार पडत नाही. भाजीवाली घासाघीस करणाऱ्याला खुळं म्हणते, आई लेकराला लाडानं म्हणते, आणि दोस्त तर एकमेकांना दुसऱ्या नावानं हाकच मारत नाहीत. वकीलमामांच्या घरात मात्र हा शब्द चालत नसे. कुणाच्या तोंडून निसटलाच तर चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणत, “शाबीत कर. शाबीत केल्याबिगर कुणाला खुळं म्हणायचं न्हाय.”

नव्वदीच्या सुरुवातीला मी कॉलेजसाठी त्यांच्या शाहूपुरीतल्या घरी राहायला आले. खाली त्यांच्या भावांची गुळाची अडत, वर मामांची कचेरी. फौजदारी खटल्यांचे कागद गुळाच्या वासानं भरलेले असत. थोरले मामा चेष्टा करत, “आमचा माल मुंग्या खात्यात, ह्याचा माल तुरुंग खातोय.” वकीलमामा हसत नसत. भाकरी मोडत राहत.

जेवताना ते कायद्याच्या जुन्या गोष्टी सांगत. फार पूर्वी विलायतेत न्यायाधीश एवढंच बघत, की आरोपीला रानटी जनावराहून जास्त समज आहे का. असली की संपलं. पुढं तिथं एकानं भ्रमाच्या भरात भलत्याच माणसाला मारलं आणि तो सुटला. लोक खवळले. मग न्यायाधीशांनी नियम बसवला: आपण काय करतोय, ते वाईट आहे, हे त्याला कळत होतं का? कळत नसेल तरच सुटका. आपल्या दंडविधानातलं वेडाच्या माफीचं चौऱ्याऐंशी कलम त्याच नियमाच्या वळणावर गेलेलं. त्या नियमातला भ्रमाचा भाग मामांना फार बोचे. कुणी तलवार घेऊन अंगावर येतोय असा भास होऊन मारलं, तर माफी. कुणी आपली बदनामी केली असा भास होऊन मारलं, तर शिक्षा. “म्हणजे खुळ्यानंसुद्धा कायद्यात बसंल असंच खूळ घ्यायचं,” असं म्हणून ते ताटावरून उठत. एवढ्या एका वाक्यापुरती त्यांनी स्वतःला त्या शब्दाची मोकळीक दिली होती.

मग बसूचा खटला आला. मुरगूडच्या पलीकडच्या गावातला हा तरुण. त्यानं उसाच्या फडात थोरल्या भावाला कोयत्यानं मारलं आणि प्रेताजवळच बसून राहिला. लोक धावले तेव्हा त्यांनाच म्हणाला, “दादाला हाक मारा. त्याचं सोंग घेऊन कोण तरी आलतं, त्याला पाडलाय मी.” पण लोक यायच्या आधी त्यानं पाटाच्या पाण्यात कोयता धुतला होता. सरकारी वकिलांनी तेवढंच धरलं. कोयता धुतला, म्हणजे पुरावा लपवला. पुरावा लपवला, म्हणजे कळत होतं. खरं कारण मामांना बसूनं सांगितलं होतं: काम झालं की कोयता धुऊन ठेवायचा, अशी दादाचीच शिस्त होती.

डॉक्टरचा कागद एकही नव्हता. डॉक्टरकडे नेलं असतं तर गावात खुळं म्हणून नाव पडलं असतं, म्हणून घरच्यांनी त्याला जोतिबाला नेलं, अंगारा लावला, शेवटी खोलीत कोंडलं. हे सगळं बसूची आई मल्लव्वा आमच्या कचेरीत रडत रडत बोलली. मामा म्हणाले, “अव्वा, हेच कोर्टात सांगा. न्हायतर शाबीत करायला माझ्याजवळ काय न्हाय. तुमच्या बोलण्यावर पोरगं तुरुंगात जायचं का इस्पितळात, ते ठरणार.” तिनं मान हलवली.

त्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होते. माझ्याच ओळीत फेटे बांधलेले दोघे-तिघे बसले होते. मल्लव्वाच्या मुलीला बघून गेलेले पावणे. सोयरीक पक्की करण्याआधी घर कसलं आहे ते ऐकायला आले होते. मामांनी विचारलं, “गुन्ह्याच्या आधी मुलाची मनःस्थिती कशी होती?” मल्लव्वानं पिंजऱ्यातल्या बसूकडे पाहिलं, मग आमच्या बाकाकडे. पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बसू? शाणं हाय की माझं लेकरू! आमच्या घराण्यात कुणी खुळं न्हाय, साहेब.”

मामांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणखी मोठ्यानं. पिंजऱ्यातला बसू खुलून हसला. आई सगळ्यांदेखत आपल्याला शाणं म्हणाली, एवढंच त्याला समजलं होतं.

बाहेर व्हरांड्यात ती मामांच्या पायांशी वाकली. “एक लेकरू मातीत गेलं, एक आत गेलं. पोरीला तरी कुणाच्या घरात जाऊ द्या, साहेब.” मामांनी तिला उठवलं आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर नेऊन बसवलं. त्यांनी तिला कधी दोष दिला नाही. मी देते. कधी तिला, कधी त्या फेट्यांना, कधी ज्या नियमापुढं आईला असं उभं राहावं लागतं त्या नियमाला. दोष कुठंच नीट बसत नाही, म्हणून तो अजून माझ्याकडेच आहे.

जन्मठेप झाली. अपिलातही टिकली. मुलीचं लग्न मात्र थाटात लागलं. मामांना बोलावणं होतं आणि ते गेलेही. पंगतीत नवऱ्या मुलाचा चुलता त्यांच्या ताटात बुंदी वाढत म्हणाला, “खून काय वो, रागाच्या भरात कुणाकडनंबी हुतो. खूळ असलं तर रक्तात उतरतंय. त्ये न्हाय म्हटल्यावर आमी हो म्हटलं.”

मामा बसूला भेटायला तुरुंगात जात राहिले. बसू दर वेळी विचारी, “दादा का येत न्हाय? कोयता धुतलाय म्हणून सांगा त्याला.” कोर्टात पुराव्याबाहेर शब्द न बोलणारा हा माणूस गजांपाशी उभा राहून सांगे, “रानात कामं हायत. सवड झाली की येतोय बघ.” काही वर्षांनी बसू तुरुंगातच आजारानं गेला. अखेरपर्यंत तो दादाची वाट बघत होता. त्यानंतर मामांनी फौजदारी काम सोडलं.

शेवटच्या वर्षात कचेरीत कुणी नसताना त्यांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. एकदा मी चहा घेऊन गेले तर समोरची रिकामी खुर्ची त्यांनी पंख्याखाली सरकवली होती. “बसू आलाय,” म्हणाले. माझा चेहरा बघून चष्मा कपाळावर चढवला. “घाबरू नको, पोरी. तिथं कोण न्हाय, मला ठाऊक हाय. मला सगळं कळतंय. कलमात मी बसत न्हाय.” मग खुर्चीकडे वळून हळूच म्हणाले, “येईल रे दादा. रानात हाय.”

मामांच्या मातीहून परतताना गल्लीतले एक जण थोरल्या मामांना म्हणाले, “शेवटी शेवटी जरा खुळं झालतं म्हणं वकील?” शाबीत करा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण खुळे ठरले असते तर मामा सुटले असते. त्यांना सगळं कळत होतं.