नागुमावशीचं कूपन

देवणीची सडक अजून कोसभर लांब होती, तेव्हा नागुमावशी पहिल्यांदा टेकली. कोरड्या ओढ्यातल्या दगडावर. कनवटीला खोचलेली दाखल्याची घडी चाचपली आणि म्हणाली, "बाई, त्या शब्दाचं सांगणार होतीस."

ऐंशीनंतरच्या एका दुष्काळात मी देगलूरकडच्या एका खेड्यात शाळेवर होते. मावशी शेजारी एकटीच राहायची. नवरा वारल्यावर माहेरी आली, पण नाव दिराच्या रेशनच्या कुपनातच राहिलं. तिच्या वाट्याची ज्वारी दीर उचलायचा, आणि ती इथं लोकांचं दळण दळून पोट भरायची. नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय नवं कूपन निघत नव्हतं. त्यात जुन्या कुपनावर जिल्हा उस्मानाबाद, आणि दिराचं गाव आता नव्या लातूर जिल्ह्यात. या घोळात तहसिलातल्या कारकुनानं तिला दोनदा माघारी लावलं. तिसऱ्या खेपेला दाखल्यासाठी मी सोबत दिराच्या गावी गेले.

दीर शेषेराव. सही करायला त्यांनी दुपार केली. "वैनी, जित्या माणसाचं नाव कापायचं म्हंजी लई वंगाळ दिसतं."

"ज्वारी आणताना न्हाई दिसलं?" मावशी उंबऱ्यातूनच बोलली. आतून तिची जाऊ फिस्सकन हसली. मग सही झाली, तलाठ्याचा शिक्काही मिळाला.

शब्दाचं असं, की 'कूपन' हा निजामाच्या अमलातला, उर्दूच असणार, असं मावशीचं म्हणणं. मलाही तसंच वाटायचं. हेडमास्तरांच्या जाड शब्दकोशात पाहिलं, तर फ्रेंच निघाला. मुळात कापणे, त्यावरून कापून काढलेला तुकडा. इंग्रजांच्या हातून आपल्याकडं आला.

"फ्रेंच म्हंजी कुठलं गाव?"

"देश आहे, मावशी. समुद्रापल्याड."

"तिथंबी दीर असतेत म्हण की."

आम्ही दोघी हसलो. मग तिनं कनवटीची घडी पुन्हा चाचपली.

"नवं कधी मिळंल?"

"महिना तरी लागेल."

"तिकडून तर कापलं. मंग तवर माझं नाव कुठं हाय?"

ती उठली. मी मनातल्या मनात बुद्धाचं त्रिसरण म्हणत तिच्या मागून चालू लागले. सडक आली. लांबवर एसटीची धूळ दिसली. मावशीनं पदर सारखा केला.

"बाई, तू पोरांची नावं मांडतीस न्हवं हजेरीत? तवर खाली माझंबी मांड. पुकारू नको, पोरं हसतील. नुसतं मांड."